हापूसच्या डिस्प्ले जाहिरातींवर क्लिक भरपूर, ऑर्डर मात्र नाहीत. काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की देवगडचा हापूस पुण्या-मुंबईत घरपोच देता, गुगलच्या डिस्प्ले जाहिरातींना (म्हणजे इतरांच्या वेबसाइटांवर आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींना) 'आंबा', 'हापूस', 'आंबा भाव' असे कीवर्ड लावलेत, क्लिक येतात पण पेट्या जात नाहीत. छोट्या मराठी व्यावसायिकांच्या जाहिराती सांभाळणं हेच माझं काम आहे आणि ही तक्रार दर मोसमात ऐकतो. माझ्या मते तुमची जाहिरात चुकीच्या वाचकापुढे जातेय.

'आंबा' हा शब्द मराठी वेबसाइटांवर कुठे कुठे येतो ते बघा. मोहरावर तुडतुडे आले तर कोणती फवारणी करावी, फळपीक विम्याची मुदत कधी संपते, कलमं किती अंतरावर लावावीत, कैरीचं लोणचं, आंबा घाटातली वाहतूक. डिस्प्लेमध्ये कीवर्ड पानावरच्या मजकुराशी जुळवला जातो. त्या माणसाने काय शोधलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. फवारणीचा लेख वाचणारा स्वतः बागायतदार असतो. तो कुतूहलाने तुमचा भाव बघेल, पण पेटी मागवणार नाही, आणि त्या क्लिकचे पैसे तुमच्या खात्यातून जातील.

म्हणून कीवर्ड निवडताना मालाचं नाव बाजूला ठेवा आणि विचारा, हे पान कोण आणि कशासाठी वाचतंय? हापूस विकत घेणारा माणूस मला मुख्यतः दोन प्रकारच्या पानांवर दिसतो. एक, 'खरा हापूस कसा ओळखावा', 'कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा ओळखावा' असे लेख. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने गळ्यात मारला जाईल ही त्याला धास्ती असते, खिशात पैसे तयार असतात, फक्त विश्वासाचा माणूस सापडत नसतो. तुमच्यासाठी याहून चांगली जागा नाही. दुसरी, आमरस, आंबा बर्फी, अक्षय्य तृतीयेचा बेत अशी पाककृतींची पानं. वाशी मार्केटमध्ये पहिली पेटी आली वगैरे बातम्या खूप वाचल्या जातात, पण त्या वेळी भाव ऐकूनच लोक थांबतात. तिथे पैसे घालू नका.

या दोन्हींचे ॲड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचे गट) वेगळे करा आणि जाहिरातही वेगळी लिहा. ओळख पटवणाऱ्या लेखावर 'थेट बागेतून, गवतात पिकवलेला'; पाककृतीवर 'अक्षय्य तृतीयेआधी घरपोच'. छोट्या मथळ्याला ३० अक्षरांचीच मर्यादा आहे, त्यामुळे 'उत्कृष्ट दर्जा' अशा शब्दांवर जागा घालवू नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावू देणारी नोंदणी) मिळालंय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ते पहिल्याच ओळीत घ्या. नसेल तर मानांकनाचा उल्लेख करू नका. फोटो आपल्या पेटीचा, पेंढ्यासकट घ्या. विकत मिळणाऱ्या फोटोंतले चकचकीत आंबे ग्राहक लगेच ओळखतो.

नकारात्मक कीवर्डमध्ये (ज्या शब्दांच्या पानांवर जाहिरात नको ते शब्द) फवारणी, मोहर, तुडतुडे, भुरी, करपा, लागवड, कलम, रोपवाटिका, अनुदान, विमा, घाट, लोणचं हे सगळं टाका. नेहमीच्या कीवर्डमध्ये मात्र, 'हापूस' आणि 'हापुस' दोन्ही लिहिलं जातं, तेव्हा दोन्ही घ्या. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक इंग्रजीतूनही वाचतं, म्हणून तेच शब्द रोमन लिपीतही हवेत.

आता सेटिंग. तिथे तीन गोष्टी गुपचूप पैसे खातात. 'ऑप्टिमाइज्ड टार्गेटिंग' आपोआप चालू असतं. ते चालू असेल तर तुमचे कीवर्ड नुसता इशारा ठरतात आणि गुगल जाहिरात त्यापलीकडे नेतं. ॲड ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. दुसरं, कीवर्डसोबत 'खाद्यपदार्थ' असा टॉपिक (पानांचा विषय) जोडला की जाहिरात अधिक नेमकी होईल असं अनेकांना वाटतं. होतं उलटं: कीवर्ड, टॉपिक, साइट यांपैकी एक जरी जुळलं तरी जाहिरात दिसते, म्हणजे पसारा वाढतो. तिसरं, जाहिरात कुठल्या भागातल्या लोकांना दाखवायची ते, म्हणजे 'ठिकाण'. मुळात त्यात 'तिथे असलेले किंवा तिथे रस असलेले' असा पर्याय निवडलेला असतो. तो बदलून फक्त तिथे असलेले लोक ठेवा, आणि जिथे तुमची गाडी पोचते तेवढेच भाग घ्या.

मग प्लेसमेंट रिपोर्ट (जाहिरात कुठल्या साइटवर, ॲपवर दिसली त्याची यादी) उघडा आणि खर्चानुसार लावा. वर बहुधा मोबाइल गेम आणि लहान मुलांची ॲप्स दिसतील. पोराचं बोट चुकून लागलं की तो क्लिक झाला. एकेक ॲप काढत बसू नका, ॲपच्या कॅटेगऱ्याच वगळा. पण मोबाइल फोन वगळू नका. आमरसाची कृती लोक ओट्यापाशी फोनवरच वाचतात.

आंब्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे. व्हॉट्सॲपचं बटण दाबणं म्हणजे ऑर्डर नव्हे, आणि जाहिरातीवर क्लिक न करता, ती नुसती दिसून नंतर झालेल्या नोंदी गुगल वेगळ्या रकान्यात दाखवतं, त्यांवर विसंबू नका. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये संदेश आधीच भरून ठेवता येतो. प्रत्येक ॲड ग्रुपसाठी वेगळं पान करा आणि त्यावरच्या लिंकमध्ये वेगळा संदेश घाला: एकात 'खात्रीचा हापूस हवा आहे', दुसऱ्यात 'आमरसासाठी हापूस हवा आहे'. कुठल्या ग्रुपमधून खरी पेटी गेली ते तुमच्या फोनवरच कळेल. त्या पानावर आकारानुसार डझनाचा भाव, पेटी कधी निघणार आणि कुठल्या पिनकोडला पोचणार हे वरच दिसू द्या. भावासाठी फोन करायला लावलंत तर निम्मे लोक मागे फिरतील.

बजेट ठरवताना जीएसटी धरा. आगाऊ पैसे भरत असाल तर १०,००० रुपयांतले सुमारे ८,४७५ रुपयेच जाहिरातीला उरतात. मोसम इतका छोटा असतो की बोलीचं (एका क्लिकला किती पैसे द्यायचे त्याचं) सगळं गणित यंत्रावर सोडायला पुरेशी ऑर्डरच जमत नाही. सुरुवातीला क्लिकच्या भावावर कमाल मर्यादा घालून चालवा आणि ज्या ग्रुपमधून पेट्या जातात तिकडे पैसे वळवा. कॅम्पेनला (या सगळ्या जाहिरात मोहिमेला) शेवटची तारीख आत्ताच घाला. पाऊस आला, बागेतला माल संपला, तरी आमरसाची पानं जूनमध्येही वाचली जातात आणि जाहिरात चालूच राहते.