तिशा बावनंतरच्या वाचनांतून खरंच धीर मिळतो का?

तुम्ही विचारलंय की तिशा बावनंतर सिनेगॉगमध्ये तोरातली जी खास वाचनं होतात त्यांनी खरंच धीर येतो, की ती नुसती रीत आहे. मी ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. माझ्यापुरतं सांगतो.

आधी एक दुरुस्ती. ही वाचनं तोरातली, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतली, नाहीत. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सेफेरमधून (हस्तलिखित गुंडाळीतून) तोरा वाचून झाली की संदेष्ट्यांच्या पुस्तकातला एक उतारा वाचतात, तो हाफतारा. आणि तिशा बाव म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास. भर पावसाळ्यात येतो. आमची आजी त्याला 'बिरड्याचा सण' म्हणायची. त्या दिवसांत घरात मटण बंद, आणि ती मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलत बसलेली असायची.

उपासाआधीच्या तीन शब्बाथांना खरडपट्टी असते. नंतरच्या सातांना सांत्वन, सातही उतारे यशया संदेष्ट्याचे. तिनाला सात, हा हिशोब मला लहानपणापासून आवडायचा.

बाबा गेले त्या वर्षी मात्र पहिलाच शब्बाथ नकोसा झाला. 'नहमू, नहमू अम्मी', माझ्या लोकांचं सांत्वन करा. अहो, घरी येणारा प्रत्येक जण तेच तर करत होता! "वय झालं होतं, सुटले." आपण मान हलवायची आणि चहा टाकायला उठायचं.

पुढच्या आठवड्याची हाफतारा सुरू झाली तीच तक्रारीने. सियोन, म्हणजे बाईच्या रूपातलं यरुशलेम, म्हणते, परमेश्वराने मला टाकलं, तो मला विसरला. तिसरीची सुरुवात: गांजलेली, वादळाने झोडपलेली, जिचं सांत्वन झालं नाही ती. १४व्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या अबुदरहम या ज्यू पंडिताने या सातही सुरुवाती ओळीने लावून त्यांतला संवाद दाखवला. देव संदेष्ट्यांना पाठवतो, सियोन त्यांचं ऐकून घेत नाही, ते हात हलवत परत येऊन सांगतात की बाई काही बधत नाही. मग चौथ्या आठवड्यात देव म्हणतो, "मी, मीच तुमचं सांत्वन करणारा." निरोप धाडून भागत नाही, स्वतः जावं लागतं, हे कळायला त्यालाही तीन आठवडे लागले (हे आमच्या हझ्झानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, सांगू नका).

मला धीर आला तो मधल्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांनी. "नको मला तुमचं सांत्वन" हेही तिथे दरवर्षी सुरात, सगळ्यांसमोर वाचतात. कुणी ते गाळलेलं नाही.

पाचव्या शब्बाथला मी गेलोच नाही. सहावा, 'ऊठ, प्रकाशमान हो'वाला, मागच्या बाकावर बसून ऐकला. सातवा रोश हशानाच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, तोंडावर येतो आणि त्याची सुरुवातच आनंदाने होते. त्या दिवशी हाफतारा माझ्या काकांनी वाचली, अडखळत, दोन ठिकाणी चुकत. बाबा असते तर त्यांनी मागून मोठ्याने दुरुस्त केलं असतं. ते आठवलं आणि मला भर सिनेगॉगमध्ये हसू फुटलं.