बोर्दो आणि पॅरिस : पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यासाठी

ऑक्टोबरच्या सहलीत पॅरिसला द्राक्षमळ्यांची जोड देण्याचा तुम्हां दोघांचा बेत उत्तम आहे. मात्र बोर्दो, बर्गंडी आणि शॅम्पेन हे फ्रान्समधील वाइनचे तिन्ही प्रदेश एकाच आठवड्यात बसवण्याचा मोह आधी सोडावा. एकटे बोर्दो पुरेसे आहे. २०१७ पासून पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून वेगवान रेल्वे सुमारे दोन तासांत तिथे पोहोचवते, त्यामुळे विमानतळाची यातायात टळते. तिकीट लवकर काढावे, कारण दिवस जवळ येतो तसे भाडे चढत जाते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे न कळवता वायनरीच्या दारात उभे राहणे. बहुतेक ठिकाणी पूर्वनोंदणी लागते, शिवाय रविवारी अनेक वायनरी बंद असतात. दिवसाला दोनच भेटी ठरवाव्यात, कारण तिसऱ्या ठिकाणी जिभेला फरक कळेनासा होतो. चाखलेली वाइन थुंकपात्रात टाकणे तिथे शिष्टसंमत आहे (आपल्याकडच्या संस्कारांना ते जड जाते, हे खरे).

एक दिवस सेंतेमिलियोंसाठी राखून ठेवावा. या गावाचा परिसर १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बोर्दोहून तिथे रेल्वे जाते, त्यामुळे वाइन चाखून मोटार चालवण्याचा प्रश्नच उरत नाही. स्थानकापासून गावापर्यंत मात्र मळ्यांमधून पायी जावे लागते.

पॅरिसबाबत तूर्त एवढेच पाहावे :
- लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते.
- लूव्रच्या प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी.

भारतीय पारपत्र असल्यास शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.