एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 या ग्राफिक्स कार्डावर नवीन गेममधलं रे ट्रेसिंग आणि पाथ ट्रेसिंग चालेल का?

रे ट्रेसिंग चालेल, पाथ ट्रेसिंग मात्र या कार्डाला झेपणार नाही. ते सुरू होईल, पण धड खेळता येणार नाही. मी हेच कार्ड वापरतो. साध्या रे ट्रेसिंगमध्ये सावल्या, प्रतिबिंबं अशा मोजक्या गोष्टींसाठीच प्रकाशाचे किरण कसे जातात ते मोजलं जातं, बाकीचं चित्र जुन्याच पद्धतीनं तयार होतं. पाथ ट्रेसिंगमध्ये जवळपास सगळा प्रकाश तसा मोजायचा, तोही भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून गाडीच्या पत्र्यावर उसळत जाणारा. ‘सायबरपंक 2077’ या गेममध्ये पाथ ट्रेसिंग लावून रात्री ओल्या रस्त्यावर उभे राहा आणि माउस झटकन फिरवा: डबक्यातले निऑन दिवे क्षणभर फरफटल्यासारखे दिसतात, फ्रेम (पडद्यावर एकापाठोपाठ येणारी चित्रं) अडखळतात.

रिझोल्युशन 1080पी, रे ट्रेसिंग मीडियमवर आणि डीएलएसएस (कमी रिझोल्युशनचं चित्र एआयनं मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर ठेवा, छान खेळता येतं. काही नव्या गेममध्ये रे ट्रेसिंग बंदच करता येत नाही. 2025 च्या ‘डूम: द डार्क एजेस’ला किमान आरटीएक्स 2060 सुपर लागतं, म्हणजे तुमचं कार्ड त्यात बसतं, जुन्या जीटीएक्स 1660 कार्डवाल्यांना ती सोय नाही.

एक लक्षात घ्या: एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या जादा फ्रेम भरणं) आरटीएक्स 40 मालिकेपासून पुढेच मिळतं. गेममध्ये एएमडी कंपनीचं तसंच तंत्र, एफएसआर 3, असेल तर ते 3060 वरही चालतं, पण मुळात सेकंदाला 60 च्या आसपास फ्रेम मिळत असतील तरच सुरू करा, नाहीतर माउस जड वाटतो.