शवपेट्यांचे दुकान काकांकडे. वडिलांच्या हिश्श्याचे काय?

प्रश्न : वसईत आजोबांनी सुरू केलेले शवपेट्यांचे दुकान वडील आणि काका निम्म्या भागीदारीत चालवत. दोन वर्षांपूर्वी वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई आणि आम्ही दोघी बहिणी. काका म्हणतात, "धंदा पिढीजात आहे, जो रंधा धरील त्याचा. मुलींचा काय संबंध?"

उत्तर : ताई, संबंध पुरेपूर आहे. तुम्ही ख्रिस्ती असल्याने हिंदू एकत्र कुटुंबाचे नियम इथे लागू होत नाहीत. आजोबांनी धंदा काढला म्हणून काकांना जादा काही मिळत नाही. वडिलांचा निम्मा हिस्सा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे वाटला जाईल : एक तृतीयांश आईला, उरलेला मुलांना सारखा. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. म्हणजे तुम्हा तिघींना त्या हिश्श्याचा प्रत्येकी एक तृतीयांश.

दोघांच्या भागीदारीत एक जण वारला की भागीदारी तिथेच संपते. हिशेब न मिटवता काकांनी त्याच करवतींवर, त्याच लाकडावर धंदा चालू ठेवला असेल, तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३७ प्रमाणे तुम्ही वडिलांच्या भांडवलामुळे झालेला नफा किंवा सालाना ६ टक्के व्याज, यांपैकी एक मागू शकता. दुकान बरे चालत असेल तर नफा मागा. काकांच्या मेहनतीचे मोल त्यातून वजा होईल, आणि ते रास्तच आहे.

दुकानाचे नाव विसरू नका. घरात मयत झाल्यावर कुणी चार ठिकाणी दर विचारत फिरत नाही; ओळखीच्या दुकानालाच फोन जातो. हा नावलौकिक, म्हणजे गुडविल, पेढीची मालमत्ता आहे आणि त्याची किंमत हिशेबात यायलाच हवी. सगळे मिटेपर्यंत ते नाव वापरायला कलम ५३ खाली मनाई मागता येते. पण काकांशी बोलणे चालू असेल तर हे पाऊल लगेच उचलू नये, असे माझे मत.

मला काळजी आहे ती मुदतीची. हिशेबाचा दावा भागीदारी संपल्यापासून, म्हणजे वडील वारले त्या दिवसापासून, ३ वर्षांत लावावा लागतो. "बघू, घरातलीच गोष्ट आहे" अशा तोंडी बोलण्याने ती वाढत नाही. पेढी नोंदलेली नसली तरी वारसांचा हा दावा अडत नाही. भागीदारीचा करार, जुने ताळेबंद, बँकेचे उतारे आणि मृत्यूचा दाखला घेऊन याच महिन्यात वकिलाकडून नोटीस पाठवा.