दुप्पट इंजिन, आठपट वजन

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. छोट्या गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर), खऱ्या वाफेवर चालणाऱ्या मॉडेल इंजिनाचे नकाशे हातात आहेत, पण इंजिन बांधायचे आहे मोठे. म्हणून ही पत्रे एकत्रच घेतो.

प्रश्न : माझ्याकडे साडेतीन इंची गेजच्या एका लहान टँक इंजिनाचे (पाणी आणि कोळसा स्वतःवरच वाहणाऱ्या) पूर्ण नकाशे आहेत. तेच इंजिन सव्वासात इंची गेजवर करायचे आहे. ७.२५ भागिले ३.५ म्हणजे २.०७. सगळी मापे २.०७ ने गुणली की झाले ना? (सदाशिव पेठ)

२.०७ विसरा, २ धरा. साडेतीन इंची गेजवर खऱ्या इंजिनाच्या फुटाला पाऊण इंच हे प्रमाण रूढ आहे, सव्वासातवर दीड इंच. दोन्ही गेज मूळ रेल्वेच्या मापाशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे गेजचा भागाकार आणि प्रमाणाचा भागाकार वेगळा येतो. इंजिनाचा देह दुप्पट करा. चाकांमधले आतले अंतर, फ्लँजची (चाकाच्या आतल्या बाजूच्या कडेची) उंची आणि जाडी मात्र नकाशावरून न घेता सव्वासात इंची गेजच्या प्रसिद्ध मानकातून घ्या. दुप्पट केलेली फ्लँज दुसऱ्याच्या रुळांवर, विशेषतः सांध्यांवर (गाडी रूळ बदलते तिथे), अडकते.

फ्रेमची एक सुताची प्लेट दोन सुतांची झाली, इथवर ठीक. पण धुरा आणि बेअरिंगमधली फट दुप्पट करू नका. नकाशावर ०.०३ मिमी असेल, तर दुप्पट धुऱ्यालाही साधारण तेवढीच पुरते. चांगला टर्नर हे सांगावे न लागता करतो. नकाशा गुणून देणारा मुलगा मात्र ०.०६ लिहून मोकळा होतो.

आणि एक. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणून वजन आठपट: मूळ इंजिन ४० किलोचे असेल, तर तुमचे ३२० किलोचे होईल. पेठेतल्या वाड्यात वर्कशॉप वरच्या मजल्यावर असेल, तर आधी जिन्याचा विचार करा, मग लेथचा.

प्रश्न : बॉयलरही तसाच दुप्पट करावा का? मूळ नकाशात ८ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या), १८० मिमी लांबीच्या १० ट्यूब (गरम वायू पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) आहेत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यांचे उत्तम काम होते, तिथून करून घेता येईल का? (भोसरी)

बाकीचे इंजिन गुणून मिळते, बॉयलर नव्याने मांडावा लागतो.

आधी दिलासा देणारा भाग. व्यास आणि जाडी दोन्ही दुप्पट केली, तर त्याच दाबाला पत्र्यातला ताण तोच राहतो. स्टेचेही (बॉयलरच्या भिंती आतून धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) तसेच. शेगडीचे क्षेत्रफळ चौपट होते. सिलिंडरचे आकारमान आठपट होते, पण चाक दुप्पट झाल्याने त्याच वेगाला फेरे निम्मे पडतात. म्हणजे वाफेची मागणीही चौपटच. हिशेब जुळतो.

बिघडतो तो ट्यूबमध्ये. छंदी मंडळींचा जुना ठोकताळा असा: ट्यूबची लांबी भागिले आतल्या व्यासाचा वर्ग हा आकडा एका पट्ट्यात राहायला हवा. मिलिमीटरमध्ये मोजल्यास तो पावणेतीनच्या आसपास चांगला. तुमच्या मूळ ट्यूबचा १८० भागिले ६४, म्हणजे २.८. उत्तम. आता आंधळेपणाने दुप्पट करा: ३६० भागिले २५६, म्हणजे १.४. इतक्या रुंद ट्यूबमधून गरम वायू पाण्याला पुरती उष्णता न देताच चिमणीतून पसार होतो. कोळसा जळतो, चिमणी तापते आणि प्रेशर गेजचा काटा रेंगाळतो.

उलट बाजूने मांडा. लांबी ३६०, आकडा २.८, तर बोअर ११.३ मिमी. वायूची वाट चौपट ठेवायची, तर अशा ट्यूब २० लागतात. थोडक्यात लांबी दुप्पट, संख्या दुप्पट, व्यास मात्र फक्त १.४ पट. अर्ध्या इंची, २२ गेज (इथे गेज म्हणजे भिंतीची जाडी) तांब्याच्या ट्यूबचा बोअर जवळजवळ नेमका ११.३ भरतो.

आता तांबट आळी. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण पाणी न गळणारे भांडे आणि साडेपाच बार दाब सोसणारा बॉयलर यांचे जोड वेगळे. इथे प्रत्येक सांधा सिल्व्हर ब्रेझिंगचा (चांदीमिश्रित धातू वितळवून केलेल्या जोडाचा) हवा. शिवाय तांब्याचे वजन आठपट होते. तांबे उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे एवढा गठ्ठा एका टॉर्चने सांध्याच्या तापमानापर्यंत न्यायला गेलात, तर एक बाजू जोडताना दुसरी थंड पडते. खर्चाचे तर बोलायलाच नको. या आकाराला मी पोलादी बॉयलर आणि पिंपरी-चिंचवडमधला प्रेशर व्हेसलचे काम करणारा प्रमाणित वेल्डर, असाच सल्ला देईन. पोलादाला गंजाची तजवीज म्हणून हिशेबापेक्षा जास्त जाडी द्या. पोलादी प्लेटमध्ये ट्यूब एक्स्पांड करणार (आतून फुगवून घट्ट बसवणार) असाल, तर भिंत २२ गेजपेक्षा जाड घ्या, पण बोअर ११ ते १२ मिमीच ठेवा.

कायद्याचेही पाहा. १९२३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या बॉयलर कायद्यातही २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र ‘बॉयलर’च्या व्याख्येत येत नाही. तुमचा मूळ बॉयलर दोनेक लिटरचा दिसतो, आठपट म्हणजे सोळा. सुटलात. पण कोणी साडेतीन लिटरचा बॉयलर दुप्पट केला, तर तो २८ लिटरवर जातो. अशांनी पत्रा कापण्याआधी बाष्पके संचालनालयात जाऊन यावे. व्याख्येतून सुटलात म्हणून चाचणीतून सूट घेऊ नका. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ११ बारची थंड पाण्याची हायड्रॉलिक टेस्ट हवीच. हवेने चाचणी कधीही नको.

प्रश्न : इंजिन दुप्पट केले. रुळावर ठेवताच स्प्रिंगा पूर्ण बसल्या. स्प्रिंगाही दुप्पटच केल्या होत्या. (चिंचवड)

म्हणूनच बसल्या. वजन आठपट झाले, पण तार, वेटोळ्याचा व्यास सगळे दुप्पट केल्यावर स्प्रिंगचा ताठपणा फक्त दुप्पट होतो. म्हणजे ती मूळच्या चौपट दबते, जेव्हा तुम्हाला दुप्पट दबणे हवे होते. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे उपाय सोपा आहे: वेटोळ्याचा व्यास दुप्पट, वेटोळी तेवढीच, पण तार २.४ पट जाड. मूळ तार १.६ मिमी असेल, तर ३.२ नव्हे, ३.८ मिमी घ्या. आणि स्प्रिंगा काढल्याच आहेत, तर ॲक्सलबॉक्सही (धुऱ्याची बेअरिंग धरणारे ठोकळे) तपासा. तिथला दर चौरस मिलिमीटरचा भार दुप्पट झालेला आहे.

प्रश्न : आठपट वजन म्हणजे आठपट ओढ मिळेल का? (बिबवेवाडी)

चौपट. दाब तोच असला, तर ओढ पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरते. छोटी इंजिने ओढीच्या मानाने हलकी असतात, म्हणून निघताना चाके जागीच घसरून फिरतात. मोठे इंजिन वजनदार असल्याने त्याची चाके सहसा घसरत नाहीत. थोडी जादा ओढ हवी असेल, तर सिलिंडरचा बोअर दहा टक्के वाढवा, ओढ एकवीस टक्के वाढते. त्यापुढे गेलात, तर शेगडी पुरणार नाही. खरे तर गरजही नाही, कारण मागे बसणारे पुणेकर काही दुप्पट उंचीचे होत नाहीत.

प्रश्न : माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचे पाच इंची गेजचे नकाशे सव्वासातवर न्यायचे आहेत. इथेही गेजच्या भागाकारापेक्षा वेगळा आकडा धरायचा का? (औंध)

नाही, इथे सरळ ७.२५ भागिले ५, म्हणजे १.४५. माथेरानची लाइन दोन फुटी, ६१० मिमीची. पाच इंचावर तिचे प्रमाण एकास ४.८ आणि सव्वासातवर एकास ३.३ येते, आणि दोन्हीकडे गेज नेमके जुळते. वजन मात्र तिपटीहून थोडे जास्तच होईल. नॅरोगेज इंजिनाचा देह चाकांच्या बराच बाहेर येतो, त्यामुळे फायरबॉक्सला (कोळसा जळतो त्या कप्प्याला) ऐसपैस जागा मिळते. फायरहोलसुद्धा (कोळसा टाकायचे तोंड) १.४५ ने गुणत बसू नका. तुमचे फावडे आणि हातमोज्यातला हात आत जाईल एवढे ठेवा.

प्रश्न : कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिल्यापासून मुलाने हट्ट धरला आहे. घरी एचओ मापाचे विजेवरचे मॉडेल आहे. त्यावरून वाफेचे इंजिन करता येईल का? (कर्वेनगर)

बाहेरचे रूप टिपायला उपयोग होईल, एवढेच. एचओ म्हणजे एकास ८७, आत मोटर. सिलिंडर दिसायला आहेत, पण पोकळ नाहीत. मुलाला आधी एखादे साधे, उभे, एका सिलिंडरचे स्थिर इंजिन करू द्या. लहान लेथवर होते.