तो हिशेबानं खेळतो, मग काळजी कशाची?

"तो जुगारी नाही हो, पोकर डोक्यानं खेळतो. तरी मला भीती वाटते." बायका, आईवडील, कधी बहिणी हेच वेगवेगळ्या शब्दांत बोलतात.

एकाची बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पोकरच्या भाषेत तो 'टाइट' खेळाडू. बहुतेक डाव फोल्ड करायचा, म्हणजे पत्ते टाकून सोडून द्यायचा, चांगले पत्ते आले तरच उतरायचा आणि सगळी नोंद एक्सेलमध्ये ठेवायचा. कसल्याही पत्त्यांवर कॉल करत (समोरच्याइतकेच पैसे लावत) बसणारे आणि ऊठसूट रेज करणारे (लावलेली रक्कम वाढवणारे) 'मॅनिअ‍ॅक', धोका त्यांना, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, "मोठा डाव हरल्यावर पुढचा तास कसा जातो?" तो बराच वेळ गप्प होता. दोन एक्के, म्हणजे सुरुवातीचे सगळ्यात भारी पत्ते, हातात असताना समोरच्याच्या दोन राजांनी मात केली होती. असं शंभरात साधारण 18 वेळा होतं, हे त्याला पाठ होतं. तरी तो चिडून मोठ्या रकमेच्या टेबलावर गेला आणि पहाटेपर्यंत खेळला. खेळाडू याला 'टिल्ट' म्हणतात. त्या रात्रीची नोंद एक्सेलमध्ये नव्हतीच. तशा आणखी बऱ्याच रात्री गायब होत्या.

मॅनिअ‍ॅक धडाधड बुडतो, म्हणून घरच्यांना लवकर कळतं. कॉल करणारा बऱ्याचदा एकटेपणापायी बसलेला असतो आणि हळूहळू रिता होतो. हिशेबी खेळाडूच्या व्यसनाचं निदान सगळ्यात उशिरा होतं. पोकरमध्ये कौशल्य आहे, ते मी कुणाशीच नाकारत नाही. पण जिंकलं की कौशल्य, हरलं की नशीब, असं मनानं ठरवलं की थांबायला कारणच सापडत नाही. त्यात प्रत्येक मोठ्या डावातून खेळ चालवणाऱ्याची 'रेक', म्हणजे त्याचं कमिशन, कापली जातेच.

मानसोपचारातल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेनं 2013 मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घेतला. नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा बसणं, खोटं बोलणं, खेळ थांबवला की चिडचिड, पैशासाठी दुसऱ्यांवर भिस्त. खेळता किती छान येतं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

म्हणून घरच्यांना सांगते, खेळाच्या शैलीवर वाद घालू नका. हरल्यानंतरच्या रात्री बघा. गुपचूप कर्ज फेडू नका, त्यानं पुढच्या डावाला भांडवल मिळतं. घरखर्चाचं खातं वेगळं करा, आणि खेळाचं खातं बंद करायची विनंती त्याला स्वतःला पाठवू द्या. "मी नसलेलाच बरा" असं तो बोलला, तर पैशांचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.