पेर मेर्टेसाकर निवृत्त होऊनही इतका लोकप्रिय का आहे?

ना चपळाई, ना डौल, तरीही जर्मनीत आणि आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांत जर्मन बचावपटू पेर मेर्टेसाकरविषयी आजही एवढी आपुलकी का, असा आपला प्रश्न आहे. आर्सेनलचे त्या काळातले सामने मी नेमाने पाहिले असल्याने माझे मत मांडतो. माझ्या मते, त्याने आपल्या उणिवा कधी झाकल्या नाहीत, हेच त्याचे खरे कारण आहे.

उंची 1.98 मीटर आणि पळण्याचा वेग बेताचा, त्यामुळे धोका आधीच ओळखून योग्य जागी उभे राहणे त्याला भागच होते. त्याचा जोडीदार बचावपटू लोराँ कोसिएल्नी पुढे झेपावून चेंडू हिसकावत असे आणि मेर्टेसाकर मागे राहून बचावफळी सांभाळत असे. ही जोडी आर्सेनलला चांगली लाभली. प्रेक्षकांनी त्याच्या धिप्पाडपणावर एक घोषणाही रचली होती, परंतु तिच्यातला एक शब्द येथे लिहिण्याजोगा नाही.

जर्मनीत त्याला घरोघरी नेले ते 2014 च्या विश्वचषकातील एका मुलाखतीने. पोर्तो अलेग्रे येथे अल्जीरियावर जादा वेळेत 2-1 असा कष्टाचा विजय मिळवून तो मैदानाबाहेर येतो न येतो, तोच झेडडीएफ या जर्मन दूरचित्रवाहिनीच्या वार्ताहराने संघाच्या खेळातील त्रुटींविषयी विचारले. शेवटच्या सोळा संघांत काय कार्निव्हलची (हौशी सोंगाड्यांची) टोळी आली आहे असे वाटते का, असे मेर्टेसाकरने वैतागून विचारले आणि आता आपण थकवा घालवायला तीन दिवस बर्फाच्या पिंपात पडून राहणार, असेही सांगून टाकले. पुढच्याच सामन्यात त्याला वगळण्यात आले, तरी त्याने कुरकुर केली नाही; अंतिम सामन्यात तो अगदी शेवटच्या क्षणी बदली खेळाडू म्हणून उतरला आणि विश्वविजेता म्हणूनच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला.

एफए कप या इंग्लंडमधील स्पर्धेचा 2017 चा अंतिम सामना आर्सेनलचे पाठीराखे विसरणे शक्य नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो जवळजवळ सबंध हंगाम बाहेर होता. कोसिएल्नी निलंबित आणि दुसरा बचावपटू गाब्रिएल जखमी झाल्याने लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याला सुरुवातीपासून उतरवावे लागले. समोर त्या वर्षीचा लीगविजेता चेल्सी असतानाही तो अप्रतिम खेळला आणि आर्सेनलने 2-1 असा विजय मिळवला.

मला मात्र या साऱ्याहून मोलाची वाटते ती मार्च 2018 मध्ये 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाला त्याने दिलेली मुलाखत. सामना सुरू होण्यापूर्वी ताणामुळे आपल्याला उमासे येत, ते कोणाला दिसू नयेत म्हणून आपण मान वळवत असू, आणि 2006 च्या विश्वचषकात मायदेशी इटलीकडून उपांत्य सामना हरल्यावर दुःखाबरोबर सुटकेची भावनाही झाली होती, हे त्याने अजून खेळत असतानाच सांगितले. हानोफर या जर्मन क्लबमध्ये तो ज्याच्यासोबत खेळला, त्या गोलरक्षक रॉबर्ट एन्केने 2009 मध्ये नैराश्यातून आत्महत्या केली होती, हे ठाऊक असलेल्या जर्मन वाचकांना त्या कबुलीचे गांभीर्य सांगावे लागले नाही. असा माणूस तरुण खेळाडूंना काय घडवणार, अशी टीका जर्मनीचा माजी कर्णधार लोथार माथेउसने केली. माझ्या दृष्टीने याच अनुभवामुळे तो त्या कामाला अधिक लायक होता, आणि आर्सेनलनेही 2018 मध्ये तरुण खेळाडू घडवणारी आपली अकादमी त्याच्याकडेच सोपवली.

नव्या पिढीला तो ठाऊक आहे तो झेडडीएफवरचा विश्लेषक म्हणून. ज्या वाहिनीच्या वार्ताहरावर तो वैतागला होता, त्याच वाहिनीवर 2014 च्या विश्वविजेत्या संघातील सहकारी क्रिस्टोफ क्रामरसोबत त्याची थट्टामस्करी चालते आणि अनेकांना ती सामन्याइतकीच आवडते.